मशीनमध्ये किती घातली होती?

नॉर्डेन, मिनेसोटा
१७ जून

तीर्थरूप विनिफ्रेडवन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी जेवढी अंगं अजून वाकतात तेवढ्यांनी. उजव्या गुडघ्याने साफ नकार दिला आहे, त्याचा राग मानू नये.) इकडे सर्व खुशाल. तुमचे बंधू वर्लिन खातात, पितात, झोपतात आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडतात, म्हणजे प्रकृती उत्तम. तुमची कंबर आता कशी आहे? फ्लोरिडाच्या उन्हाने बराच उतार पडला असेल. तुम्ही तिथे रोज पोहता हे यांनी मोठ्या अभिमानाने सगळ्या गावाला सांगितलं आणि घरी येऊन मला हळूच विचारलं, "अगं, पण अक्काला पोहता कधीपासून येतं?"

तुमची तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत प्रश्न एकच, की आपल्या मारेनने विदरिज विद्यापीठ घेतलं ना, आणि घेतलं असेल तर कळवायला एवढा उशीर का. दीड महिना उत्तर दिलं नाही हा माझा गुन्हा कबूल. पण वन्सं, या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही. शिवाय सगळ्याची सुरुवात तुमच्यापासूनच होते, तेव्हा एखादी खुर्ची ओढा, कॉफी घ्या आणि रागावण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

नाताळात तुम्ही मारेनसाठी विदरिजचा तो किरमिजी सदरा पाठवलात आणि सोबत गाडीच्या काचेला लावायचं स्टिकर. तुमचा नातू प्रेस्टन तिथेच शिकतो, तुमचे यजमान तिथेच शिकले, प्रेस्टनचा बाप म्हणजे तुमचा स्टर्लिंग तिथूनच सर्जन झाला, म्हणजे घरातली चौथी व्यक्ती तिथेच जाणार असं तुम्ही धरून चालणं स्वाभाविक आहे. पण पोरीला तेव्हा अजून कुठूनही होकार आला नव्हता. सदरा मी कपाटात ठेवला. स्टिकर टेबलावर राहिलं. मी चर्चमध्ये भांडी घासायला गेले तेवढ्यात तुमच्या बंधूंनी ते आमच्या ब्यूइकच्या मागच्या काचेवर, बरोबर मध्यभागी, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता चिकटवलं. का, तर "अक्काने पाठवलंय, नाही लावलं तर तिला काय वाटेल?" (तुम्ही दीड हजार मैलांवर. तुम्हाला काय दिसणार होतं, डोंबल?)

तुम्ही गाव सोडून पन्नास वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला आठवण करून देते. नॉर्डेनमध्ये मागच्या काचेवर कॉलेजचं नाव लागलं की पत्रिका छापून वाटल्यासारखंच असतं. त्यानंतर लग्न मोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तिघींनी माझं अभिनंदन केलं. पोस्टमनने हात मिळवला. रविवारी पास्टरनी प्रार्थनेच्या शेवटी मारेनचं नाव घेतलं आणि मारेन माझ्या शेजारी बसून कानापर्यंत लाल झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजी, मला अजून कुठूनच बोलावणं नाही!" आजोबा म्हणाले, "येईल गं, काच तयार आहे."

आता पोरीबद्दल. तिचा बाप म्हणजे तुमचा भाचा डेनिस आठवड्याचे सहा दिवस ट्रकवर, सून वृद्धाश्रमात दोन-दोन पाळ्या करते, म्हणून कॉलेजं बघायचं काम आम्हा दोघांवर आलं. मारेनला डॉक्टर व्हायचं आहे. आपल्याकडे त्यासाठी आधी चार वर्षं साधं कॉलेज, मग मेडिकल, आणि त्या साध्या कॉलेजात गणित चुकलं की पुढचं दार बंद, हे स्टर्लिंगमुळे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. हौसेपायी नाही हो व्हायचं तिला. आपल्या गावचा दवाखाना बंद झाला त्याला सहा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी यांच्या छातीत कळ आली तेव्हा साठ मैल गाडी मी हाकली आणि मागच्या सीटवर ती पंधरा वर्षांची पोर यांचं मनगट धरून रस्ताभर ठोके मोजत होती. एकदाही रडली नाही. हॉस्पिटलात पोचल्यावर तिने नर्सला आकडे सांगितले, दर पाच मिनिटांचे, ओळीने. मग बाहेर जाऊन भडाभडा ओकली. त्या दिवसापासून मी ठरवलं आहे की ही मुलगी डॉक्टर झालीच पाहिजे, मग मला कुणाच्या पाया पडावं लागलं तरी चालेल. (गुडघ्याचं बघून घेऊ.)

पण एक खोट आहे, आणि ती तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. पोर सावकाश आहे. मंद नव्हे, सावकाश. शाळेत रसायनशास्त्राच्या पहिल्या सहामाहीत तिला 'सी' मिळाला. दुसऱ्या सहामाहीत 'ए'. कुठलीही गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो, पण शिरली की हातोड्याने काढली तरी निघत नाही. या बाबतीत ती थेट तुमच्या बंधूंवर गेली आहे, फक्त त्यांच्या डोक्यात अजून काही शिरायचं आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही जवळची तीन कॉलेजं पाहिली. ती वाईट नव्हती, पण लक्षात राहिला तो तुमच्या बंधूंचा प्रताप. प्रत्येक ठिकाणी एक हसरं पोरगं किंवा पोरगी पालकांकडे तोंड करून उलटं चालत आम्हाला दोन तास फिरवायची आणि सांगायची की इथले प्राध्यापक विद्यार्थ्यांना नावाने ओळखतात. (न ओळखायला काय झालं?) शेवटी आम्हाला दुकानात सोडायची. तिथे हे प्रत्येक वेळी एक स्टिकर विकत घेत. "बिचाऱ्यांनी एवढं फिरवलं, त्यांचं स्वच्छतागृह वापरलं, काहीच न घेता निघायचं म्हणजे बरं दिसत नाही." घेतलेलं स्टिकर मग वाया कशाला घालवायचं, म्हणून ते काचेवर. मार्चअखेर ब्यूइकच्या मागच्या काचेवर चार कॉलेजं झाली आणि गावात लोक मला बाजूला घेऊन विचारू लागले की मारेनचं नक्की काय बिनसलंय.

आणि मग विदरिजचा होकार आला! वन्सं, खोटं नाही सांगत, मी स्वयंपाकघरात नाचले. बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश भट्टीत जळून कोळसा झालं तरी नाचत होते. होकार आलेल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी त्यांनी एप्रिलमध्ये एक खास दिवस ठेवला होता. तुम्ही फ्लोरिडात, त्यामुळे भेट व्हायची नव्हती, पण प्रेस्टन होता. दोन दिवस गाडी हाकत, हॅमची सँडविचं खात, आम्ही तिकडे पोचलो.

प्रेस्टनने फार प्रेमाने केलं हो आमचं. उंच झालाय, पण वाळलाय. तुम्ही म्हणाला होतात की त्याला दुसऱ्या वर्षी एकाएकी इतिहासाची गोडी लागली आणि त्याने आपणहून मेडिकलचा नाद सोडला. त्याने आम्हाला ग्रंथालय दाखवलं, जेवणघर दाखवलं. इतिहासाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. (प्रेस्टनबद्दल आणखी खाली लिहीन. आठवण राहिली तर.)

दुपारी डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांची सभा. मोठं सभागृह, गुबगुबीत खुर्च्या. डीनसाहेब उभे राहिले. रुबाबदार माणूस, आवाज लोण्यासारखा. म्हणाले, "आमच्याकडून जी मुलं मेडिकलसाठी अर्ज करतात, त्यांतल्या पंच्याण्णव टक्के मुलांना प्रवेश मिळतो." सभागृहात 'अहाहा' झालं. यांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. मला मात्र आमची हॅचरी आठवली.

वन्सं, मी सदतीस वर्षं हॅचरीत काढली. तुम्हाला ते काम कधी सांगण्यासारखं वाटलं नाही हे मला माहीत आहे. (तुमच्या मैत्रिणींना तुम्ही 'आमची भावजय शेतीखात्यात आहे' असं सांगत होतात, तेही मला माहीत आहे.) माझं काम होतं अंधाऱ्या खोलीत बसून एकेका अंड्यामागे दिवा धरायचा. आत जीव दिसला तर ट्रेमध्ये, नाही दिसला तर बादलीत. शेवटी पिल्लं किती निघाली याचा टक्का काढायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे उबवायच्या मशीनमध्ये घातलेल्या सगळ्या अंड्यांवर. दुसरा म्हणजे दिव्यासमोर धरून संशयातली सगळी बादलीत टाकायची आणि उरलेल्यांवर टक्का काढायचा. आमचा जुना मालक गिऱ्हाइकांना कायम दुसरा आकडा सांगायचा. तोही पंच्याण्णव असायचा.

आणि दिवा चुकतो. हे मी सांगते, जिने लाखांनी अंडी पाहिली. नोकरीला लागून वर्ष झालं होतं तेव्हा मी बादलीत टाकलेल्या एका अंड्यातून चिवचिव ऐकू आली. माझ्याच हाताने टाकलेलं. मालकाची पाठ वळताच मी ते एप्रनच्या खिशात घालून घरी आणलं. यांनी बुटांच्या खोक्यात दिवा लावून दिला. ते पिल्लू दोन दिवस उशिरा बाहेर आलं, नऊ वर्षं जगलं आणि एकदा तुम्हाला पोटरीला चावलं होतं. तीच ती कोंबडी.

तर मी हात वर केला. हे माझी बाही ओढत होते, "अगं बस, अक्काच्या यजमानांचं कॉलेज आहे." मी उभी राहिले (गुडघा त्या दिवशी बरोबर होता) आणि विचारलं, "साहेब, मशीनमध्ये किती घातली होती?"

डीनसाहेबांना कळेना. मी समजावून सांगितलं. पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचंय म्हणून येणारी मुलं किती? म्हणाले, साधारण दोनशे, गेल्या खेपेला दोनशे बारा. आणि त्यांतली अर्ज करणारी? एकेचाळीस. प्रवेश? एकोणचाळीस. मी म्हटलं, "मग एकशे एकाहत्तर पोरं गेली कुठे?" ते हसून म्हणाले, "विद्यार्थ्यांना इतर विषयांची गोडी लागते." आता हे काही अगदीच खोटं नव्हे. अठराव्या वर्षी कुणाला काय व्हायचंय याचा काय भरवसा? डेनिसला अंतराळवीर व्हायचं होतं. पण मी म्हटलं, "सगळ्यांना आपणहून लागते, की लावता?" मग लोण्यात जरा खडा लागला. ते म्हणाले, आमची एक समिती आहे, ती दुसऱ्या वर्षाअखेर मार्क बघून मुलांना योग्य मार्गदर्शन करते आणि ज्यांची शक्यता आहे त्यांनाच शिफारशीचं पत्र देते. "आणि ज्याला पत्र नाही त्याने अर्ज केला तर?" "तशी बंदी नाही," डीनसाहेब म्हणाले.

माझ्यामागे बसलेल्या एका बाईने मोठ्याने विचारलं, "म्हणजे पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात 'सी' आला तर?" डीनसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या पालकाकडे बोट केलं. मी मारेनकडे पाहिलं. ती मांडीवरच्या कागदावर बेरीज-भागाकार करत होती. अठरा टक्के, तिने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्या हॅचरीत कुणी अठरा टक्के पिल्लं काढली असती तर त्याला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवला असता. प्रेस्टन मागे दाराशी उभा होता, तो माझा प्रश्न झाल्याबरोबर बाहेर निघून गेला. मला वाटलं, गावंढळ मामीआजीची लाज वाटली पोराला. निघताना मात्र त्याने मला मिठी मारली ती सोडेचना.

परतीचे दोन दिवस पुन्हा हॅमची सँडविचं. हे मधूनच म्हणत, "पण पंच्याण्णव म्हणाले ना?" मारेन खिडकीबाहेर बघत होती. मी मुद्दाम गप्प राहिले. (हसू नका. ओहायो अख्खं ओलांडलं मी तोंड न उघडता.) निर्णय तिचा होता आणि एक मेच्या आत कळवायचं होतं.

शेवटचं उरलं लिंडहोम कॉलेज. आपल्याच राज्यात, घरापासून दीड तास, चारी बाजूंना मक्याची शेतं. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही फक्त त्यांच्या नाताळच्या गाण्यांबद्दल ऐकलं होतं. तिथेही एक पोरगी, ब्रिटा नावाची, उलटी चालत आम्हाला फिरवत होती. यांचे पाय दुखत होते म्हणून हे गाडीतच बसले. तासाभराने आम्ही गाड्या उभ्या करतात त्या बाजूला आलो. यांनी आम्हाला आरशात पाहिलं असं यांचं म्हणणं. आमच्या पायांना चाल पडू नये म्हणून दयाबुद्धीने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. इकडून ब्रिटा उलटी चालत येतेय, तिकडून ब्यूइक उलटी येतेय. दोघांनाही मागचं दिसत नाही. आम्ही अकरा पालक समोरून सगळं बघतोय आणि अकराही जण एकदम ओरडलो, त्यामुळे ब्रिटाला वाटलं की आम्हाला तिची माहिती फार आवडली. ती हसून म्हणाली, "आणि इथे विद्यार्थी-सुरक्षेला आम्ही..." आणि डिकीवर बसली.

वेग गोगलगायीचा होता म्हणून निभावलं. पोरगी डिकीवरून घसरली आणि घोटा मुरगळला. हे धावत बाहेर आले. "मी बघूनच घेत होतो!" मी म्हटलं, "कशातून बघत होतात? विदरिजमधून?"

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतून एक ठेंगणी बाई धावत आली, अंगात प्रयोगशाळेचा कोट, हातात अर्धं सफरचंद. डॉक्टर ब्रँडव्होल्ड. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांचं तिथे जे काही आहे ते सगळं ही एकटी बाई बघते. मारेन आधीच खाली बसून ब्रिटाचा बूट सोडवत होती. ब्रँडव्होल्डबाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मोडलंय का?" मारेन म्हणाली, "मला माहीत नाही." मी मनात म्हटलं, संपलं, सांगून टाकायचं ना काहीतरी! तर बाई म्हणाल्या, "छान. मग बघ." आणि सफरचंद खात बसल्या. माझी नात तिच्या त्या प्रसिद्ध सावकाश पद्धतीने एकेक हाड दाबून, प्रत्येक वेळी ब्रिटाच्या तोंडाकडे बघून, दुसऱ्या पायाशी ताडून बघत राहिली. पाच मिनिटं झाली, आठ झाली. पालक कंटाळून निघून गेले. बाईंनी एकदाही घाई केली नाही. शेवटी मारेन म्हणाली, "मोडलेलं वाटत नाही, पण खात्री नाही, फोटो काढावा." बाई म्हणाल्या, "मलाही नेमकं तेवढंच माहीत आहे." (फोटो काढला. मोडलं नव्हतं. ब्रिटा आता टेनिस खेळते. यांनी तिला दोनदा रुबार्बचा केक नेऊन दिला.)

मग बाईंच्या खोलीत मी तोच प्रश्न विचारला. मशीनमध्ये किती? त्यांना आकडा पाठ नव्हता. त्यांनी खणातून एक वही काढली आणि बोट ठेवून नावं वाचू लागल्या. तीस जण आले होते. एक पोरगा पहिल्याच महिन्यात मेलेला बेडूक बघून गेला, आता बेकरी चालवतो, पाव उत्तम करतो. एकीला खरंच गणिताचं वेड लागलं. असं करत तेरा गेले, तेराही जण कुठे आहेत ते बाईंना ठाऊक. सतरांनी अर्ज केले. अकरांना पहिल्या खेपेला प्रवेश, चौघांना दुसऱ्या. उरलेले दोघे? एकीने नर्सिंग घेतलं. दुसरा रुग्णवाहिकेवर काम करतो आणि तिसऱ्यांदा अर्ज करतो आहे. "पत्र कुणाला देता?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मागेल त्याला. तोंडावर खरं काय ते सांगते, मग पत्र लिहिते. दार त्यांनी ठोठावायचं, मी आधीच कडी का लावू?"

तिसांत पंधरा. निम्मे! आणि बादली कुठेच नाही! मला त्या बाईचे मुके घ्यावेसे वाटले. पण मी पुन्हा गप्प बसले. घरी येताना मक्याच्या रिकाम्या शेतांतून मी गाडी हाकत होते आणि मारेन आपणहून बोलली. "आजी, तिथे मला 'माहीत नाही' म्हणता आलं. विदरिजला मी ते चार वर्षं लपवत बसले असते." एवढंच म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. मला रस्ता दिसेना. यांनी न विचारता रुमाल पुढे केला. तेही डोळे पुसत होते, पण नंतर म्हणाले की ती परागांची ॲलर्जी होती. (एप्रिलमध्ये. बर्फ होतं कडेला.)

एक मेला शाळेत सगळी मुलं आपापल्या कॉलेजचा सदरा घालून येतात. चर्चमधल्या बायकांनी स्टिकरवर विसंबून किरमिजी रंगाचा तीन मजली केक केला होता, वर 'विदरिज' लिहिलेला. आमची पोर लिंडहोमच्या पिवळ्याधमक सदऱ्यात आत आली. केकवाली मिसेस टॉफ्टे रडायच्या बेतात. तर मारेनने सरळ सुरी उचलली, वरची अक्षरं खरवडून आजोबांच्या बशीत वाढली आणि म्हणाली, "हे आजोबांचं कॉलेज, आजोबांनाच द्या." असा हशा पिकला वन्सं! पास्टरांनी पुन्हा प्रार्थना केली, या वेळी खऱ्या कॉलेजसाठी. मी त्या दिवशी केकचे चार तुकडे खाल्ले आणि ताठ मानेने घरी आले. तीन स्टिकरं यांनी ब्लेडने खरवडली. तुमचं काही केल्या निघत नाही, म्हणून त्याच्या वर लिंडहोमचं चिकटवलं आहे. मागचं अजूनही काही दिसत नाही.

तर असा निकाल आहे. तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतं. पण आयुष्यात एकदा तुमच्यासमोर मी बरोबर ठरले आहे, तेवढा आनंद मला भोगू द्या. कंबरेला जपा. बंधूंचा नमस्कार, मारेनचाही नमस्कार.

तुमची,
ॲर्डिस

ता. क. सदरा वाया गेला नाही. यांना तो नेमका बसतो. विदरिजच्या सदऱ्यात यांना मांजरांना दूध घालताना बघून तुमचा ऊर भरून आला असता.

ता. क. २. प्रेस्टनबद्दल लिहीन म्हटलं होतं. आता खुर्चीत नीट बसा. वन्सं, त्याला इतिहासाची गोडी वगैरे काही लागली नव्हती. दुसऱ्या वर्षी एका विषयात 'सी' आला आणि समितीने बोलावून गोड शब्दांत सांगितलं की पत्र मिळणार नाही. तो एकशे एकाहत्तरांतला एक. लाजेपोटी त्याने घरी कुणालाच सांगितलं नाही, एकटाच दोन वर्षं वाळत राहिला. माझा प्रश्न ऐकून बाहेर गेला तो रडायला गेला होता. मे महिन्यात त्याने मारेनला फोन करून ब्रँडव्होल्डबाईंचा नंबर मागितला. तुम्हाला वाटतंय की तो मित्रांबरोबर कॅनडात नौका वल्हवतोय. तो तीन आठवडे माझ्या वरच्या खोलीत आहे. लिंडहोमला उन्हाळी वर्गात बसून तो विषय पुन्हा करतोय, रोज तीन अंडी खातोय, अंगावर जरा मांस धरलंय. हे दीड महिन्याचं मौन आणि एवढं लांबलचक पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. मला म्हणाला, "मामीआजी, तूच आजीला सांग, तुझ्यावर ती तशीही रागावलेलीच असते."

ता. क. ३. स्टर्लिंगला अजून माहीत नाही. ते तुम्ही सांगा. (प्रेस्टनने माझ्यावर ढकललं, मी तुमच्यावर ढकलते.) सांगताना हेही विचारा, की ऑगस्टमध्ये तो दोन पोरांना आपल्या मागे उभं राहून काम बघू देईल का. मेडिकलच्या अर्जात ते तास लागतात, आणि नात्यात सर्जन एकच आहे. मारेन मधे बोलणार नाही. पाया पडायची माझी तयारी आहेच, गुडघ्याला मी समजावलं आहे.

ता. क. ४. प्रेस्टन रविवारी चर्चनंतर फोनपाशी बसणार आहे. स्वतः करायचा धीर होत नाही त्याला. तुम्ही करा. मार्कांचं काही विचारू नका वन्सं. जेवलास का, एवढंच विचारा.